मिस्त्रीची डबी नको, ग्राहक आयोगात चला

प्रश्न : वकील साहेब, मी नागपूरजवळ वाडीला राहतो. जुन्या प्रदूषण मानकाचा बीएस-३ ट्रक विकून, कर्ज काढून ३१ लाखांचा नव्या मानकाचा बीएस-६ घेतला. मीच चालवतो, लांबच्या फेरीला धाकटा भाऊ सोबत असतो. कळमन्याहून संत्री घेऊन दिल्लीला निघालो की यूरियाची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाची) बत्ती लागते आणि पिकअप जातो. चार महिन्यांत तीनदा झालं. शेवटी तर कुरईच्या घाटात रात्रभर उभा होतो. माल नरम पडला, व्यापाऱ्याने भाडं कापलं. वर्कशॉप म्हणतं, तुम्ही खराब यूरिया टाकला, वॉरंटी नाही, १ लाख ८० हजार भरा. एक मिस्त्री १५ हजारांत गाडीच्या यंत्रणेला फसवणारी डबी बसवून यूरिया कायमचा बंद करतो म्हणतो, पीयूसीही पास होते म्हणे. काय करू? जुनीच गाडी बरी होती का?

उत्तर : डबी बसवू नका, भाऊ. हप्ता डोक्यावर असताना १५ हजारांचा मोह का होतो, ते मला कळतं. पीयूसीबद्दल मिस्त्री खोटंही बोलत नाही. डिझेलच्या पीयूसीत धुराचा दाटपणा पाहतात. यूरिया ज्यांच्यासाठी फवारला जातो ते नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे मोजतच नाहीत. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ(४) प्रमाणे मालकाने गाडीत असा बेकायदा बदल केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कलम १९०(२) तर थेट पोटावर येतं. प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय पहिल्याच गुन्ह्याला लायसन्स तीन महिने बाद. स्टिअरिंगवर तुम्हीच बसता. म्हणजे तीन महिने गाडी दारात.

त्याहून मोठा तोटा असा की आज तुमची बाजू भक्कम आहे. डबी बसली की कंपनी म्हणेल, गाडीत छेडछाड केली. आणि ते खरं असेल.

तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य ‘मीच चालवतो’ हे आहे. धंद्याच्या गाडीसाठी ग्राहक आयोगात जाता येत नाही, असं तुम्हाला सांगितलं जाईल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(७) मध्ये मात्र स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात स्वतः चालवायला ट्रक घेणाऱ्याचंच उदाहरण दिलंय. मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून हक्क जात नाही, हेही त्यातच आहे. तेव्हा भावाची चिंता नको. फक्त ही गाडी पूर्णपणे पगारी ड्रायव्हरच्या हाती देऊ नका.

आता यूरिया. ‘खराब होता’ असं तोंडी म्हणून भागत नाही. प्रमाणित द्रावणात यूरिया ३२.५ टक्के असतो आणि भेसळ प्रयोगशाळेतच कळते. वर्कशॉपला लेखी विचारा : नमुना कधी, कोणासमोर घेतला, अहवाल कुठे आहे? टाकीतला यूरिया तुम्हीही दोन स्वच्छ बाटल्यांत काढा, साक्षीदारांसमोर सील करा, खरेदीची बिलं जोडा. आयोगही नमुना तपासणीला पाठवू शकतो.

मग डीलर आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस द्या. दाद लागली नाही तर नागपूरच्याच जिल्हा आयोगात तक्रार करा. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथेच चालते आणि तुमच्या रकमेला फी १,००० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची. बिल्टी (माल वाहतुकीची पावती) आणि व्यापाऱ्याने कापलेल्या पैशांची चिठ्ठी जपा, नाहीतर संत्र्याचं नुकसान मागताच येणार नाही. हप्ता मात्र थांबवू नका. फायनान्सवाल्याला या वादाशी देणंघेणं नाही.

जुन्या गाडीची हळहळ करू नका. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत बाहेरच्या बीएस-३ मालगाड्यांना प्रवेश बंद आहे, बीएस-४ लाही ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मुभा. नियम हवेसाठी योग्यच आहे. पण त्याचा सगळा भार एका गाडीच्या मालकावर ढकलून वर्कशॉपने हात झटकावेत, हे मला अजिबात मान्य नाही.

गाडी पुन्हा आत देताना कोऱ्या जॉबकार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर) सही करू नका. ‘यूरिया खराब असल्याचं म्हणणं मान्य नाही’ असं त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहा, फोटो काढा, मगच किल्ली द्या.