सुपरचार्ज्ड इंजिन बसवण्याआधी

ट्रक तीन लाख किलोमीटर धावलेला असेल, तर नवे इंजिन शोधण्याआधी गिअरबॉक्स, डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअर) आणि चासीचा गंज नीट तपासावा, असे मी आग्रहाने सांगेन. कारण सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप, क्रँकशाफ्टवरून (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावरून) पट्ट्याने फिरत असल्यामुळे कमी आरपीएमलाच (कमी फेऱ्यांवरच) भरपूर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो आणि त्याचा पहिला ताण झिजलेल्या क्लचवर व युनिव्हर्सल जॉइंटवर येतो.

सुटे इंजिन घेण्यापेक्षा शक्यतो तसे इंजिन असलेली अपघातग्रस्त गाडी संपूर्ण विकत घ्यावी. वायरिंग हार्नेस, ईसीयू (इंजिनचा नियंत्रक संगणक), इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), थ्रॉटल पेडल आणि इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) एकाच गाडीचे असले, की फार मोठा त्रास वाचतो. माझा तरी सर्वाधिक वेळ नेहमी वायरिंगनेच खाल्ला आहे. व्यवहार ठरवण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी करावी, आणि पट्टा काढून सुपरचार्जरची पुली हाताने फिरवावी: खरखर जाणवली किंवा पुली डुगडुगली, तर बेअरिंग गेले आहे असे समजावे.

जुना रेडिएटर मात्र कृपया ठेवू नका. बूस्टमुळे, म्हणजे हवेच्या वाढीव दाबामुळे, उष्णता वाढते, आणि इंधनपंप कमी पडून हवा-इंधनाचे मिश्रण पातळ झाले (इंधन कमी पडले), तर नॉकिंगने, म्हणजे सिलिंडरमधल्या अनियंत्रित स्फोटाने, पिस्टन फुटू शकतो. इंजिनबदलाची नोंदणी आणि प्रदूषणाचे नियम पहिला बोल्ट सोडवण्याआधीच विचारून घ्यावेत.