एका पेडलवर चार दशकं

प्रश्न : मुलगा कॉलेजात आहे, हेवी मेटल ड्रमर व्हायचं म्हणतो. डबल पेडल मागतोय. चाळीत राहतो, काय करू? – एक आई, लालबाग

उत्तर : ताई, दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवायच्या त्या डबल पेडलची घाई नको. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे ड्रमर निको मॅकब्रेन १९८२च्या अखेरीस बँडमध्ये आले आणि जवळजवळ सगळं एकाच पेडलवर वाजवत राहिले. १ फेब्रुवारी २००८ला मुंबईत बीकेसीत मी त्यांना ऐकलं. काय पाय आहे त्या माणसाचा! ठोका थेट छातीत बसायचा. जानेवारी २०२३मध्ये पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू दुबळी झाली. वय सत्तर. तरी सराव करून त्याच वर्षी ते दौऱ्यावर गेले. डिसेंबर २०२४मध्ये दौरे थांबवले. हे त्याला जरूर सांगा.

घरी रबरी पॅड पुरे. मेट्रोनोम (ठरल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून दोन्ही हात सारखे येईपर्यंत वाजवू दे. पूर्ण ड्रमसेटसाठी तासावर जॅमरूम, म्हणजे सरावाची खोली, भाड्याने मिळते. तिथे इअरप्लग हवेतच, गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. गणपतीत पथकात जात असेल तर ताशा घेऊ दे, मनगट तयार होतं.

नुसत्या मेटलवर मुंबईत घर चालणं कठीण. शिकवण्या, रेकॉर्डिंग, लग्नातले कार्यक्रम करावे लागतात. कॉलेज मात्र सोडू देऊ नका.