युरिया टाकल्यावर शेतातून नायट्रस ऑक्साईड खरंच निघतो का, आणि आपल्यासारख्या उष्ण देशात शेतकऱ्याने तो कमी कसा करायचा?

निघतो. वातावरण तापवणारा हा वायू मी स्वतः डबे लावून पकडलाय, तोही घरच्या कांद्यात.

आमचं गाव निफाड तालुक्यात, काळी जमीन, उन्हाळ कांदा. मी तेव्हा हाच वायू मोजायच्या एका प्रोजेक्टवर फील्ड असिस्टंट होतो आणि प्लॉटसाठी कोणाची जमीन मिळेना म्हणून आमच्या अण्णांची (म्हणजे चुलते) अर्धा एकर घेतली. काम तसं सोपं, जमिनीत पत्र्याची चौकट ठोकायची, तिच्या कडेच्या खाचेत पाणी भरायचं, वर पारदर्शक डबा पालथा घालायचा आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला शून्य, तीस, साठ मिनिटांनी रबराच्या बुचातून सिरिंजने हवा ओढायची. अण्णा रोज बांधावरून विचारायचे, "काय रे, कांद्याला सलाईन लावलं का?"

आठवडेच्या आठवडे आकडे शांत. आणि एका सोमवारचं सॅम्पल असं आलं की ग्राफवर बाकी सगळे ठिपके खाली सरपटतायत आणि हा एकटा वर कडेला चिकटलेला. प्रोजेक्टचे सर म्हणाले सॅम्पल गळलं, तुझा हात नीट नाही, आणि चारचौघांत बोलले. मशीनवर परत चालवलं, तेच. मी दोन रात्री झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी विहिरीवर गेलो तर स्टार्टरच्या पेटीवर पाऊस लागू नये म्हणून युरियाची नवीकोरी रिकामी गोणी झाकलेली, आणि पेटीच्या मागे अजून दोन. आमच्या हिशोबाचा युरिया तर केव्हाच संपला होता.

मी लग्नाला नाशिकला गेलो होतो तेव्हा अण्णांनी तीन गोण्या फेकल्या होत्या, फक्त शेजाऱ्याचा कांदा जास्त हिरवा दिसतोय म्हणून, आणि त्या आठवड्यात लाईट रात्रीची असल्याने रात्रभर वाफे तुडुंब भरले. लागवडीला सत्तर दिवस होऊन गेले होते, परत सांगतो, सत्तर, आणि युरिया पंचेचाळीसला थांबवायचा असतो! आता खरं विज्ञान एवढंच की जमिनीत नायट्रेट तयार आहे, पाण्याने मातीतली हवा हाकलली, वरून ऊन, मग जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही म्हणून ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि अर्ध्या वाटेवर हा वायू सुटतो. काळ्या जमिनीत पाणी मुरायला वेळ, म्हणून हे नाटक दोन-तीन दिवस चालतं. आणि उन्हाळाभर तापलेल्या रानावर पहिला पाऊस पडला की युरिया न टाकताही एक झटका येतो. त्यामुळे महिन्यातून एकदा मोजणाऱ्यांच्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

किती निघतो म्हणाल तर आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) ढोबळ नियम टाकलेल्या नत्राच्या 1 टक्क्याचा होता, 2019 च्या सुधारणेत रासायनिक खतासाठी कोरड्या हवामानाला 0.5 आणि ओल्याला 1.6 असा फोडला. 45 किलोच्या गोणीत 20.7 किलो नत्र, त्याचा 1 टक्का म्हणजे 207 ग्रॅम नत्र, त्यात ऑक्सिजनचं वजन धरलं की साधारण सव्वातीनशे ग्रॅम वायू. ऐकायला किरकोळ, पण हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साईडच्या 273 पट तापवतो, म्हणजे एका गोणीमागे जवळपास 89 किलो, अडतीस लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. अण्णांनी एका रात्रीत शंभरावर लिटर पेट्रोल जाळलं, तेही मोटरसायकल स्टँडवर ठेवून.

आणि मिळालं काय? कांदा पोसला, हे मान्य. पण मान जाड राहिली, पात लवकर पडेना, आणि चाळीत (कांदा साठवायची हवेशीर शेड) भरल्यावर आषाढातच वास सुटला. अण्णा आजही म्हणतात काढणीच्या वेळच्या अवकाळीने सडला. मग माझ्या चार वाफ्यांचा, ज्यांत जादा दाणा पडला नव्हता, तो कांदा दिवाळीपर्यंत कसा टिकला? त्यालाही तोच पाऊस लागला होता की. यावर त्यांचं उत्तर, "तो तू क्रेटमध्ये ठेवला होता, हवा खेळती होती." घरात लग्नकार्य असलं की हा विषय निघतोच.

तर करायचं काय. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संचालनालयाची रब्बीची शिफारस हेक्टरी 110 किलो नत्र आहे, 40 लागवडीला, बाकी 30 आणि 45 दिवसांनी. म्हणजे एकरी दोन गोण्यांच्या थोडं वर, तेही 10:26:26 या मिश्रखतातलं नत्र धरून. पंचेचाळीस दिवसांनंतर युरियाची गोणी शेतात दिसली तर समजायचं ती चाळ सडवायला आणली आहे. युरिया टाकून पाणीच द्यायचं नाही असंही नाही हां, कोरडा राहिला तर अमोनिया होऊन उडतो आणि आपल्या चुनखडीच्या जमिनीत जास्तच उडतो. हलकं पाणी द्या, वाफे तुंबवू नका. ठिबक असेल तर थोडं थोडं सोडा. नीमकोटेड (कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला) तर 2015 पासून सगळाच येतो, त्याने नायट्रेट व्हायचा वेग मंदावतो, पण नीमकोटेड आहे म्हणून चार गोण्या जास्त फेकणारे पण बघितलेत.

शेणखतवाल्यांनी खुश होऊ नये, त्यातल्या नत्रातूनही हा वायू निघतोच. इगतपुरीकडच्या भातवाल्यांचं गणित उलटं आहे, सतत पाणी उभं असेल तर तिथे मिथेनची भानगड मोठी, हा वायू पाणी सोडल्यावर. द्राक्षाचं मी मोजलेलं नाही, म्हणून बोलत नाही.

आणि हो, माझे वाफे फक्त चारच होते आणि त्या वर्षी अवकाळी जोरात होता, हे खरंय. पण अण्णांचे तीन मोबाईल नंबर असून मी ज्यावर हे लिहितोय ते अ‍ॅप एकावरही नाही, म्हणून लिहितोय.