तबला कपाटात ठेवल्याने सीईटीचे गुण वाढत नाहीत

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. दहावीला ८८ टक्के होते. तबल्याच्या ‘मध्यमा पूर्ण’ या पातळीपर्यंतच्या परीक्षा दिल्या, आम्ही कधी अडवलं नाही. पण ढोल-ताशा पथकात जायला लागल्यापासून ‘आठ जणांसाठी तालवाद्यांची रचना’ लिहीत बसतो आणि यातच करिअर करीन म्हणतो. सूरच नाही तर रचना कसली? सीईटी होईपर्यंत तबला कपाटात बंद केला आहे. निदान साउंड इंजिनिअरिंगला घालू का?
– एक पालक, सांगली

उत्तर : ‘कधी अडवलं नाही’ आणि ‘कपाटात बंद केला’ ही दोन्ही वाक्यं तुम्ही एकाच पत्रात लिहिली आहेत, बघा. गुण आहेत, परीक्षा आहेत; मुलाचं स्वतःचं म्हणणं मात्र अर्ध्या ओळीत उरकलंय. त्याने लिहिलेलं तुम्ही एकदा तरी ऐकलंत का, तेही कळत नाही. मला त्याच्या टक्क्यांपेक्षा याची काळजी जास्त वाटते. इतकी वर्षं रियाज केलेल्या मुलाचं वाद्य काढून घेतलं, की तो वेळ आपोआप फिजिक्सला मिळत नाही. मुलगा बाकावर बोटं वाजवतो आणि घरात बोलेनासा होतो. किल्ली आजच द्या. अभ्यासाचे आणि रियाजाचे तास त्याला ठरवू द्या. तुम्ही फक्त ते पाळले जातात का बघा.

आता ‘सूर नाही तर रचना कसली’ याबद्दल. अहो, तुमचा मुलगा तबल्यावर कायदे, रेले, गती असे जे प्रकार वाजवतो, त्या कुणीतरी बांधलेल्या रचनाच आहेत. तालवाद्यांच्या समूहासाठी लिहिणं हेही काही कालचं खूळ नाही. फ्रेंच-अमेरिकन संगीतकार एदगार वारेझ यांची ‘आयोनायझेशन’ ही तेरा वादकांची रचना १९३३ साली न्यूयॉर्कमध्ये वाजली. तीत दोन भोंगेसुद्धा आहेत, आणि पियानो व घंटा येतात त्या अगदी शेवटी. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश १९७० साली घानाला जाऊन तिथलं ढोलवादन शिकले आणि परतल्यावर त्यांनी ‘ड्रमिंग’ लिहिली. तिची सुरुवात बोंगोंवर होते. दोघे एकच बोल वाजवतात. एक लय सोडत नाही, दुसरा किंचित पुढे सरकत सरकत एका मात्रेने पुढे जातो, आणि त्या दोघांमधून कुणीच न वाजवलेला तिसरा बोल ऐकू येतो. फ्रान्समधला स्ट्रासबुर्गचा सहा वादकांचा संच १९६२ पासून संगीतकारांकडून अशा रचना लिहून घेतोय. आपल्याकडे झाकीर हुसेन यांची तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीची ‘पेशकार’ २०१५ साली मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सादर झाली. आठ वाद्यं हाताशी असताना कुणी कधी गप्प बसायचं, ताशाच्या कडकडाटात टोल कसा ऐकू येईल, हे ठरवायला डोकं लागतं. तुमच्या मुलाला ते सुचतंय.

साउंड इंजिनिअरिंग म्हणजे ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग. चांगला व्यवसाय आहे, पण संगीतरचनेशी त्याचा संबंध बेताचाच. त्याला आवड असेल तर जरूर. तडजोड म्हणून नको.

मुलालाही थोडं सुनावतो. निव्वळ तालवाद्यांसाठी लिहून पोट भरणारे लोक जगात मोजके. बाकीचे शिकवतात, वाजवतात, नाटक-नृत्यासाठी संगीत करतात. शिवाय पथकातले ‘हात’, म्हणजे ठरलेले ठेके, एकमेकांकडे बघून बसवलेले असतात. तू तिथे नसताना अनोळखी वादकांनी नुसता कागद बघून वाजवलं, तर रचना लिहून झाली म्हणायची. त्यासाठी आपली भातखंडे स्वरलिपी पुरणार नाही, स्टाफ नोटेशन म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य संगीतलिपी शिकावी लागेल. म्यूझस्कोर हे संगीत लिहिण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत थिअरीच्या परीक्षा आहेत. परदेशात कंपोझिशनच्या प्रवेशाला लिहिलेल्या रचना आणि त्यांची रेकॉर्डिंग्ज पाहतात. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात तबला घेऊन पदवी करता येते.

पण हे सगळं बारावीनंतर. सीईटी द्यायला हरकत नाही, इंजिनिअरिंग करता करताही लिहिता येतं. ती त्याची निवड आहे की तुमची, एवढं आधी त्याला विचारा. पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या, सोबत त्या रचनेची पहिली दोन पानं जोडायला सांगा.