वडिलांच्या रोलचा रंग

प्रश्न : रावेरला आमच्या केळीच्या बागेत डिजिटल कॅमेऱ्यावर फोटो काढतो. आभाळ पांढरंफटक येतं, पानं प्लास्टिकसारखी. वडिलांच्या जुन्या रोलचा रंग कसा आणू?

उत्तर : दादा, कलर निगेटिव्ह, म्हणजे रोलमधली रंगीत फिल्म, जास्तीचा उजेड पचवते; डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पांढरं जळालं की गेलंच. म्हणून रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, एक्स्पोजर स्टॉपभर कमी (उजेड निम्मा) ठेवून काढा, सावल्या नंतर उचला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कसं दिसावं ते ठरवणारी सेटिंग, ऑटोवर नको, ५५०० केल्व्हिनला (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप) बांधा; डेलाइट रोल त्याच उजेडासाठी बनतात. मग संध्याकाळचं पिवळं ऊन पिवळंच राहतं. एडिट करताना हिरव्याचं सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, उतरवा, कर्व्हचं (उजेड-अंधार बदलणाऱ्या रेषेचं) काळं टोक जरा वर घ्या. ग्रेन, म्हणजे फिल्मचा रवाळपणा, शेवटी, चिमूटभर. मी एकदा तापीकाठच्या फोटोंवर इतका ओतला, की बायको म्हणाली, "वावटळीत काढले का?" आणि मे महिन्यातल्या भरदुपारी कॅमेरा पिशवीतच राहू द्या.