पहिली क्लासिक: जेन्सन की सित्रोएन?

पहिली क्लासिक, म्हणजे जुनी, जपण्याजोगी गाडी म्हणून जेन्सन इंटरसेप्टर घ्यावी की सित्रोएन एसएम, असं विचारलंय. दोन्हींवर जीव जडलाय, कळतंय. पण पहिलीच असेल तर जेन्सन इंटरसेप्टर घ्या. बनावट इंग्लंडची (१९६६-७६), इंजिन मात्र क्रायस्लरचं अमेरिकन व्ही-८ (आठ सिलिंडरचं). साधं नि दणकट. तिचा वैरी गंज. चकचकीत रंगावर भाळू नका, गुडघे टेकून दाराखालच्या पत्र्याच्या पट्ट्या (सिल) चाचपा.

सित्रोएन एसएम (१९७०-७५) सुरू केली की उंटासारखी उठते, तिथंच माणूस फसतो. मीही फसलो होतो! मासेरातीचं व्ही-६, सस्पेन्शन-ब्रेक-स्टिअरिंग एकाच हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणेवर. नवख्यांच्या चुका दोन:

- टायमिंग चेनच्या (इंजिनातल्या साखळीच्या) टेन्शनरचं, म्हणजे ती ताणून धरणाऱ्या भागाचं काम झाल्याची बिलं न मागणं. तिथं गडबड झाली की इंजिनच बसतं.
- हायड्रॉलिक यंत्रणेत एलएचएम या तिच्या खास हिरव्या तेलाऐवजी साधं ब्रेक ऑइल ओतणं. आतल्या रबरी सीलची वाट लागते.

आधी जाणकार मेकॅनिक गाठा, मग गाडी.