पहिला कल्ट सिनेमा कसा बघायचा

कल्ट सिनेमे, म्हणजे मोजक्या पण वेड्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलेले सिनेमे, बघायला सुरुवात करतोयस, ऐकून फार आनंद झाला! पन्नास नावांची यादी केली असशील तर ती मात्र आधी बाजूला ठेव. एकच सिनेमा निवड आणि चार मित्रांना बोलाव, कारण हे वेड घोळक्यातच लागतं. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' हा सिनेमाच घे: १९७५ मध्ये आला तेव्हा साफ आपटला होता. १९७६ मध्ये न्यूयॉर्कला त्याचे मध्यरात्रीचे खेळ लागले, प्रेक्षक पडद्यावरच्या पात्रांना मोठ्याने उलट उत्तरं देऊ लागले आणि सिनेमा तरला. एकट्याने मोबाइलवर बघितलास तर यातली निम्मी गंमत हाती लागणार नाही.

नवखे हमखास करतात त्या दोन चुका:
- दहा मिनिटांत बंद करणं. अर्धा तास तरी दे.
- परग्रहाच्या सेटवरचे खोटे खडक दिसले की नुसतं खिदळणं. हसावंच, पोटभर हसावं. पण तुटपुंज्या पैशांत कुणीतरी अख्खा ग्रह उभा केलाय, तेही बघ.

मालिका हवी असेल तर अंतराळप्रवासाची मूळ 'स्टार ट्रेक' बघ (१९६६ ते १९६९, ७९ भाग). बहुतेक भाग स्वतंत्र आहेत, कुठूनही सुरू कर.

एकाच सिनेमाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांपैकी चांगली कुठली, असले वाद आत्ता नकोत. पहिला बघून झाला की कुठला संवाद डोक्यात अडकला ते सांग, पुढचा त्यावरून ठरवू.